शिकल आणि समीक्षा

मोल्सवर्थच्या कोशात 'शिकल' हा शब्द आहे. हत्यार घासूनपुसून उजळ करणे असा त्याचा अर्थ, आणि ते काम करणारा तो शिकलगार. मूळ शब्द अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि फौजेबरोबर गुजरातेतही उतरला. शिकलगार हे आडनाव सांगली-कोल्हापुराकडे आजही आढळते. शिकल हा व्यवहार मात्र भाषेतून गेला. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, आपल्या पूर्वजांजवळ या बाबतीत दोन निराळे शब्द होते. निसण्यावर किंवा साणेवर हत्याराला धार लावीत. त्याच्या पात्याला शिकल करीत. धार कापण्यासाठी असे, शिकल पाहण्यासाठी. आज आपण या दोन्ही क्रिया 'पॉलिश' या एकाच शब्दात गुंडाळतो, आणि दसरा जवळ आला की माळ्यावरची तलवार भांडी उजळणाऱ्याच्या यंत्रावर नेतो. बडोद्यातील जुन्या मराठी घरांत, मग ती दांडिया बाजारातली असोत वा रावपुऱ्यातली, अशी एखादी तरी तलवार अद्याप असते. तिचे काय होत आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय. तो सांगण्यासाठी थोडे जपानपर्यंत जावे लागेल, कारण शिकल करणे आणि समीक्षा करणे ही दोन कामे एकाच घराण्यात नांदली, असे ठळक उदाहरण त्या देशात मिळते.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मोत्याला पाणी असते, माणसाला पाणी असते, तसे तलवारीलाही पाणी असते. 'पाणीदार' हे विशेषण आपण आज केवळ अलंकारिक म्हणून वापरतो. परंतु तलवारीच्या बाबतीत ते जवळजवळ वस्तुवर्णन होते. हिंदुस्थानातील उत्तम पोलाद मुशीत वितळवून तयार होई. तेलंगणातील कोनसमुद्रमसारख्या गावांतून त्याच्या वड्या इराणपर्यंत जात. त्या पोलादात कार्बनचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असे. मंद आचेवर पुनःपुन्हा ठोकून पाते घडविताना त्याच्या अंगी लोह-कार्बनच्या सूक्ष्म कणांचे पट्टे बसत आणि पृष्ठभागावर वाहत्या पाण्यासारखी नक्षी उमटे. फारसीत तिला 'जौहर' म्हणत. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने तलवारींवर जो ग्रंथ लिहिला त्यात पात्यांची प्रतवारी करताना या पोताचा विचार केलेला आहे. १९९८ साली व्हरहोवेन आणि पेंड्रे या अमेरिकन संशोधकांनी प्रयोगान्ती असे दाखविले की, ही नक्षी उमटण्यास लोखंडातील व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश कारणीभूत असतो. एकोणिसाव्या शतकात ही विद्या लोपली, आणि तिच्यामागोमाग ती नक्षी ओळखणारी नजरही.

ही नक्षी आपोआप दिसत नाही. पाते आधी क्रमाक्रमाने बारीक दगडांनी घासावे लागते आणि मग हिराकशीसारख्या लोहक्षाराच्या पाण्याने त्याला जागवावे लागते. तेव्हा पाते चकाकत नाही, उलट करडे होते, आणि त्या करड्या अंगावर फिकट रेषांचे जाळे तरंगू लागते. शिकलगाराचे खरे कसब येथे होते. लोखंडाच्या पोटात जे होते तेच तो वर आणीत असे. स्वतःच्या पदरचे त्यात काही घालीत नसे.

आता आपल्या ललित वाङ्मयातील तलवार पाहा. ती तळपते, लखलखते, विजेसारखी चमकते. पोवाड्यापासून ऐतिहासिक कादंबरीपर्यंत, आणि कादंबरीपासून चित्रपटापर्यंत, तिचे हेच एक विशेषण. लेखकाने तलवार हातात घेऊन पाहिली असती तर त्याला निदान एकदा तरी 'करडी' हा शब्द सुचला असता. तिची वंशावळ आपण सांगतो, तिला नाव देतो, देवीचा प्रसाद म्हणून तिची कथा सांगतो. परंतु ती कशाची आहे, कशी घडली आहे, याविषयी आपले गद्य मुके आहे. भवानी तलवारीवरून १९८० साली केवढा गदारोळ झाला हे ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल. वाद ती कोठे आहे याचा होता. ती कशी आहे याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोदबीजच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघोजी भोसल्यांची तलवार घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. पाते युरोपीय बनावटीचे, सरळ, एकधारी. त्यावर सोन्यात देवनागरी लेख. आनंद व्हावा अशीच ही घटना. परंतु या निमित्ताने जे मराठीत लिहिले गेले त्यात बोलीचा आकडा, विमान, स्वागत यांनीच अधिक जागा व्यापली. 'फिरंग' हा शब्द मराठ्यांच्या शस्त्रव्यवहारात का रूढ झाला, परदेशी पाते आणून त्यावर देशी मूठ चढविणे मराठा सरदारास का मानवे, हा खरा वाङ्मयीन आणि ऐतिहासिक प्रश्न; तो बहुतेकांनी ओलांडला.

बडोद्याने तरी वेगळे काय केले? लक्ष्मीविलास राजवाड्याच्या शस्त्रागारातील नवदुर्गा तलवार पाहणारा नवदुर्गांच्या आकृती मोजतो आणि पुढे सरकतो. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराने शस्त्रविद्या जिवंत ठेवली आणि मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशाने, दहा खंडांचा तो प्रचंड उद्योग, तिची नोंद केली. हे ऋण मोठे आहे. मात्र तेथे शस्त्र म्हणजे हालचाल, पवित्रा, वार. लोखंड हा तेथील विषय नव्हे, आणि तसा तो असावा अशी अपेक्षाही रास्त नाही.

जपानमध्ये परिस्थिती निराळी घडली. तेथील तलवारीचे पाते पोलादाला वारंवार दुमडून घडविलेले असते, म्हणून त्याच्या अंगावर लाकडाच्या शिरांसारखा पोत असतो. त्याला 'हादा' म्हणतात. पाणी देण्यापूर्वी लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. तापलेले पाते पाण्यात जाताच धारेचा भाग झपाट्याने निवून अतिशय कठीण होतो, पाठ त्या मानाने मऊ राहते. या दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी एक पांढरट रेघ उमटते. ती 'हामोन'. कोठे सरळ, कोठे लाटांसारखी, कोठे लवंगेच्या कळ्यांसारखी. घराणे, प्रांत, काळ, प्रसंगी एखाद्या लोहाराचा हात, हे सारे या रेघेत आणि त्या पोतात वाचता येते. मात्र वाचता येण्यासाठी पाते नीट घासलेले पाहिजे. गंजलेल्या, किंवा चुकीच्या हाताने चकचकीत केलेल्या पात्यावर काहीच दिसत नाही.

म्हणून तेथे घासणारा हाच पहिला वाचक झाला. होनामी नावाच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या हे काम होते, आणि त्याच घराण्याकडे तलवार कोणाची हे ठरवून दाखला देण्याचेही काम होते. सुंदर हस्ताक्षर आणि चहाचे पेले यांसाठी जगप्रसिद्ध असलेला होनामी कोएत्सु (१५५८ ते १६३७) हा याच घराण्यातला. १७१९ साली शोगुन योशिमुने याच्या आज्ञेवरून नामांकित तलवारींची जी यादी सिद्ध झाली तीही होनामींनीच केली. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, १९४५ नंतर दोस्त राष्ट्रांच्या अंमलात असंख्य तलवारी जप्त झाल्या. तरीही ही विद्या टिकली. १९४८ मध्ये तलवारींच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली, आणि १९७७ मध्ये जुन्या पद्धतीची पोलादाची भट्टी शिमाने प्रांतात पुन्हा पेटली. (१९४५ साली ब्रह्मदेश-मलायात शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांच्या काही तलवारी आपल्या पलटणींकडेही आल्या. त्यांतील बहुतेक कारखान्यात निघालेल्या. परंतु लष्करी मुठीत आजोबा-पणजोबांचे जुने पाते बसविलेलेही काही अधिकारी होते. तेव्हा असे काही एखाद्या घरात असेल तर 'लढाईतले आहे' म्हणून ते हिणवू नये.)

घासण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. दगड पायाने दाबून स्थिर ठेवतात आणि पाते त्यावरून फिरवितात. खरखरीत दगडापासून आरंभ करून बारीक दगडाकडे जायचे, प्रत्येक दगडाने मागच्या दगडाचे ओरखडे पुसायचे. पुढे पुढे क्योतोजवळच्या खाणीतले मऊ दगड येतात. शेवटी तर दगडाची कागदाइतकी पातळ चकती अंगठ्याखाली धरून इंचाइंचाने काम चालते. त्यानंतर तेलात कालविलेली लोहभस्माची पूड कापसाने चोळतात, त्यामुळे अंग गडद होते आणि पोत उठून दिसतो. एका पात्याला काही आठवडे सहज लागतात. मात्र मुठीत जाणाऱ्या भागाला हात लावायचा नाही. तेथला गंज शतकांचा असतो, लोहाराची सही तेथेच असते, आणि त्या गंजाच्या रंगावरून वय जोखतात. तो गंज हौसेने घासून काढणाऱ्याने तलवारीचा जन्मदाखलाच फाडला असे समजतात. बांबूची एक खुंटी काढली की मूठ सुटते आणि हा भाग उघडा होतो. अभ्यासाची सोय त्या घडणीतच आहे.

याचाच एक खेळ त्यांनी केला. मुठीकडचा भाग झाकून पाते पाहुण्यांपुढे ठेवतात. प्रत्येकाने पोत, रेघ, बाक पाहून लोहाराचे नाव लिहून द्यायचे. बरोबर असेल तर 'आतारी', म्हणजे नेमके. त्याच घराण्यातला दुसरा लोहार सांगितला तर 'दोझेन', म्हणजे जवळपास तेच. दिशाच चुकली तर 'इया', नाही. आय. ए. रिचर्ड्‌सने केंब्रिजमध्ये कवींची नावे झाकून कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि १९२९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, हे आपल्या समीक्षावर्तुळात पुष्कळदा सांगितले जाते. पण रिचर्ड्‌सचे विद्यार्थी बहुतांशी गोंधळले. कारण त्यांना नाव झाकून वाचण्याची सवय नव्हती. जपानी रसिकाला ती सवय होती. त्याच्या परीक्षेत आणखी एक गुण असा की, आवडले की नाही हे तेथे कोणी विचारीत नाही. काय दिसते आणि त्यावरून काय ठरते, एवढेच विचारतात. आपल्याकडील पुस्तक-परीक्षणांना याची थोडी बाधा झाली तर हवी आहे.

बडोदेकरांना येथे राजशेखराची आठवण व्हावी. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून १९१६ मध्ये त्याची 'काव्यमीमांसा' याच शहरातून प्रसिद्ध झाली. राजशेखर प्रतिभेचे दोन प्रकार मानतो, कवीची ती कारयित्री आणि भावकाची, म्हणजे रसिक-समीक्षकाची, ती भावयित्री. भावकांमध्येही तो भेद करतो. काहींना काहीच रुचत नाही, काही गवतासकट सारे गिळतात, काही मत्सरी असतात, आणि तत्त्वापर्यंत पोहोचणारा हजारांत एखादा. लोहाराची ती कारयित्री आणि शिकलगाराची ती भावयित्री असे म्हटले तर ती ओढाताण होणार नाही.

परंतु भावकाच्या हाती सत्ता आली की काय होते, हेही याच इतिहासात दिसते. होनामी घराण्याच्या उत्तरकालीन दाखल्यांविषयी जपानी अभ्यासकच साशंक असतात. मासामुने हा जपानचा सर्वश्रेष्ठ लोहार. त्याच्या सहीची निर्विवाद पाती अत्यल्प, आणि बाकीची बहुतेक दाखल्यांच्या आधाराने त्याची. तेव्हा १८९० च्या दशकात तेथे वाद उठला की, मासामुने नावाचा असा थोर लोहार खरोखर झाला की घराण्यानेच तो उभा केला? त्याच दशकाच्या अखेरीस आपल्याकडे शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक'मध्ये ज्ञानदेव एक की दोन हा प्रश्न उपस्थित केला होता, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटतो. दोन्हीकडे सहीपेक्षा शैलीवर विसंबणाऱ्या परंपरेची ती परीक्षा होती. दोन्हीकडे परंपरा टिकली. पण आपण नेमके कशाच्या आधारावर बोलतो, हे तिला सांगावे लागले.

दुसरा वाद घासण्याच्या रीतीचा. जुनी रीत अशी की पोत गडद करावा आणि रेघ जशी आहे तशी राहू द्यावी. मेइजी काळात होनामी नारिशिगे याने नवी रीत रूढ केली. तीत धारेलगतचा भाग अंगठ्याखालच्या दगडाने पांढरा करून रेघेला उठाव देतात. दुरून पाहणाऱ्यास तलवार अधिक देखणी दिसते. परंतु ही पांढरी कड म्हणजे खरी रेघ नव्हे, घासणाऱ्याने तिचा केलेला अन्वय. जवळून, तिरप्या उजेडात पाहिले की खरी रेघ त्या कडेच्या आतबाहेर जाताना दिसते. आज बहुतेक पाती याच रीतीने घासली जातात. माझे मत विचाराल तर मी जुन्या रीतीकडे झुकेन. टीकाकाराने अर्थ सांगावा. मूळ ओळीवर आपल्या शाईने गिरवू नये. नव्या रीतीच्या बाजूनेही मात्र बोलण्यासारखे आहे. काही पात्यांची रेघ इतकी मंद असते की जुन्या रीतीने ती अनभ्यस्त डोळ्याला दिसतच नाही, आणि ज्याला कोणी पाहत नाही ते कोणी जपतही नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्यात पदरची ओवी घालू नये म्हणून बजावले, हे आपण जाणतोच. शिकलगाराचा धर्म याहून निराळा नाही. फरक आहे तो परिणामाचा. याच शहरात प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. बालकांड १९६० मध्ये आले आणि उत्तरकांडासह काम १९७५ मध्ये पुरे झाले. त्या संपादकांनी जे श्लोक प्रक्षिप्त ठरविले ते फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते आजही आहेत. उद्या एखाद्याला संपादकांचा निर्णय चुकला असे वाटले तर तो श्लोक उचलून पुन्हा वर ठेवू शकतो. पात्यावरून घासले गेलेले लोखंड मात्र पाण्याबरोबर मोरीत जाते. प्रत्येक घासणीत पाते किंचित बारीक होते. शतकानुशतके घासलेल्या जपानी पात्यांचे वरचे कठीण आवरण संपून आतले मऊ पोलाद उघडे पडलेले असते. अशा पात्याला ते लोक 'थकलेले' म्हणतात. म्हणूनच चांगला कारीगर आलेल्या दहा पात्यांपैकी काही न घासताच परत करतो.

आता आपल्या घरच्या तलवारीकडे येऊ. तिची अडचण मुळातच अधिक आहे. आपल्या तलवारीचा मुठीतला भाग आखूड असतो आणि तो लाखेने, राळेने आत पक्का बसविलेला असतो. तो उघडून पाहण्याची सोय नाही, आणि तेथे सही करण्याची रीतही नाही. जे काही लिहायचे ते पात्याच्या अंगावरच, बहुधा मुठीजवळ. इस्फहानच्या असदुल्लाचे नाव कितीतरी पात्यांवर आढळते आणि त्यांतील पुष्कळशी त्याची नव्हेत. म्हणजे येथेही सहीपेक्षा पोताची साक्ष महत्त्वाची. सोन्याची कोफ्तगरी असते ती लोखंड खरवडून त्यावर तार ठोकून बसविलेली. तिची जाडी नखाएवढीही नसते.

काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या घरी दसऱ्याच्या दर्शनाला गेलो असता त्यांनी मोठ्या अभिमानाने तलवार दाखविली. आरशासारखी झाली होती. शहरातल्या एका कारागिराने एका दुपारी यंत्राच्या कापडी चाकावर ती 'नवी' करून दिली होती. पूर्वी मी तिच्यावर मुठीपाशी सोन्याची दोन अक्षरे आणि एक छत्री पाहिलेली होती. ती जागा गुळगुळीत होती. पोत कदाचित लोखंडाच्या पोटात अजून असेल आणि जाणत्या हाताने तो पुन्हा वर येईलही. कारण जौहर अंगभर असतो, केवळ कातडीवर नसतो. अक्षरे येणार नाहीत. ती कोणाची होती, कोणत्या सरकारातून ती तलवार त्या घराण्याकडे आली, हे सांगणारा दुसरा कागद त्या घरात नाही. यजमानांना मी काही बोललो नाही. देवापुढे वस्तू उजळ असावी ही त्यांची भावना शुद्ध होती. आणि राजा रविवर्म्याच्या चित्राला हात लावण्यापूर्वी तज्ज्ञ बोलवावा हे ज्या समाजाला उमगले आहे, त्याला तलवारीबाबत तसे कोणी सांगितलेलेच नाही, हा दोष त्यांचा एकट्याचा कसा म्हणावा?

खंडेनवमीला पूजा अवश्य करावी. पण हळदकुंकू, पंचामृत, लिंबू यांचा स्पर्श पात्याला होऊ देऊ नये. गंधफूल मुठीवर किंवा म्यानावर वाहावे. पाते बोटांनी हाताळू नये, कारण घामाचे ठसे आठ दिवसांत गंजाचे ठसे होतात. चिंच, राख, पितळ उजळण्याची पूड यांपैकी काहीही वापरू नये. स्वच्छ सुती कापडाने पुसून पातळ खनिज तेलाचा हात द्यावा आणि जास्तीचे तेल टिपून घ्यावे. चामड्याच्या म्यानात तलवार वर्षभर ठेवली तर बडोद्याच्या पावसाळ्यात ती आतल्या आत खाल्ली जाते. जपानी लोक याच कारणासाठी साध्या लाकडाचे वेगळे म्यान ठेवतात. लाल, मोकळा गंज दिसला तर तो वाढू न देण्यापुरती काळजी घ्यावी, आणि काळपट, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्यावा. पुढचे काम करावयाचे असल्यास धातूच्या जतनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला विचारावे. १९५२ पासून आपल्याच विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे.

आणि पाहायचे ते असे. संध्याकाळी खोलीतले मोठे दिवे मालवून एकच दिवा ठेवावा, पाते त्याच्या दिशेने तिरपे धरावे आणि उजेड टोकाकडून मुठीकडे हळूहळू सरकू द्यावा. पाण्यासारखी नक्षी असेल तर ती अशाच वेळी दिसते. एखाद्या सरळ पात्यावर खोलगट नाळी आणि पुसट लॅटिन अक्षरे दिसली तर ते फिरंगी असण्याचा संभव फार. जे दिसेल ते वहीत उतरावे. पात्याची लांबी, मुठीजवळची आणि मधली रुंदी, बाक, खुणा, अक्षरे, मुठीचा घाट, आणि ती घरात कोणी, कोणत्या प्रसंगी आणली याविषयी घरातील सर्वांत वृद्ध माणूस जे सांगेल ते, त्याच्याच शब्दांत. सोबत दोन्ही अंगांची छायाचित्रे ठेवावीत, आणि ती कोणत्याही कारागिराकडे तलवार जाण्यापूर्वीची असावीत.